वझरगाळूचं उभं खोड

त्या खोडावर बोट वाजवू नका, बाई. पाठ टेकवा, फोटो काढा, खाली बसून चहा घ्या, सगळं चालेल. वाजवायचं तेवढं नको. तुमचा दोष नाही. पोकळ लाकूड दिसलं की माणसाचं बोट आपसूक तिकडे जातं. पण या वाडीत दुपारच्या वेळी लाकूड वाजलं की बायका हातातलं काम टाकून दारात येतात. ती बघा, आमची सून आलीच. काही नाही गं, पाहुण्यांनी हात लावला.

मी दाजी मेस्त्री. आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात. चाळीस वर्षं लाकूडकाम केलं, आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून तुमच्यासारखं कोणी घाटाखाली उतरलं की त्यांना आमचं वझरगाळू दाखवतो. दाखवण्यासारखं इथे आहे काय म्हणा. चौदा घरं, एक ओहोळ, पाठीशी डोंगर आणि ही खोडं. येताना पाहिलीच असतील. प्रत्येक घराच्या भिंतीपासून आठ-दहा हातांवर एक वठलेलं झाड उभं आहे. कुठे फणस, कुठे आंबा, त्या टोकाच्या घराला नुसता बिनशेंड्याचा माड. दुसऱ्या गावात घराजवळचं झाड वठलं की माणसं आठ दिवसांत पाडतात. कौलांवर पडेल ही एक भीती, आणि दारात मेलेलं झाड चांगलं नव्हे ही दुसरी. आमच्याकडे उलटं. ज्याच्या अंगणात वठलेलं झाड नाही तो रानातून पडलेलं खोड खांद्यावर आणून पुरतो, आणि मगच घराचा पाया खणतो.

मागे शहरातून दोन पक्षीवाले आले होते. आठ दिवस राहिले, दुर्बिणी लावून बसले, जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्या वाडीचं पक्ष्यांवर केवढं प्रेम आहे. मी म्हटलं, प्रेम कसलं, भीती आहे. ते हसले. तुम्हीही हसा हवं तर, पण आधी ऐकून घ्या.

ही गोष्ट सात पिढ्यांमागची, असं सांगतात. तेव्हा इथे चौदा घरं नव्हती, एकच होतं. रवळू मेस्त्री आणि त्याची बायको द्वारकी या डोंगराच्या कुशीत एकटीच राहत. रवळू हाताचा मोठा कसबी. पाच गावांत त्याने केलेली दारं होती. बंद केलं की उजेडाची रेघ आत येत नसे म्हणे. पण त्याच्या स्वतःच्या घराला दार नव्हतं. झावळ्यांचा एक झाप होता, तो संध्याकाळी आडवा लावायचा आणि सकाळी बाजूला सारायचा. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. लोकांची कामं आधी, घरचं मागे. मीही तेच केलं. आमची ही जिवंत होती तोवर तिच्या फडताळाला कडी नव्हती.

द्वारकीला दोन मुलं झाली आणि दोन्ही पाचव्या दिवसाच्या आत गेली. पहिलं तापाने. दुसऱ्याचं कारण कुणाला कळलं नाही. तिसऱ्या वेळेला दिवस राहिले तेव्हा रवळू इतका घाबरला की त्याने खालच्या गावातल्या सोमा घाडीचे पाय धरले. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. सोमाने तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं की मूल बंद दाराआड जन्माला येऊ दे, आणि ते दार तुझ्याच जमिनीतल्या लाकडाचं असू दे. चैत्राच्या पाडव्याला बसव, म्हणाला. द्वारकीला पाडव्यानंतरच्या पंधरवड्यात दिवस भरत होते.

रवळूच्या जमिनीत दाराजोगं झाड एकच होतं, पडवीसमोरचा फणस. त्याच्यावर कधीकाळी वीज पडली होती. शेंडा जळून वठला होता, पण खालचं खोड दोन माणसांच्या कवेत न मावणारं, पिवळंजर्द लाकूड. रवळूने मनात त्याच्या फळ्याही पाडून ठेवल्या होत्या.

पण माघात त्या वठलेल्या शेंड्यावर सुतार पक्ष्यांची जोडी आली.

तुम्ही पाहिला असेल तो पक्षी. सोनेरी पाठ, डोक्यावर लालभडक तुरा, खोडाला उभा चिकटतो आणि शेपटीचा टेकू घेतो. द्वारकीला आठवा लागायचा होता, अंग जड झालं होतं, म्हणून ती दिवसभर पडवीत बसून सूप पाखडी, कांडण निवडी आणि त्या जोडीकडे बघे. आधी ठोकणं चाललं. नर दमला की मादी येई, मादी दमली की नर. खाली लाकडाचा भुगा पांढरा सांडत असे. बारा-पंधरा दिवसांत गोल भोक तयार झालं, रवळूने किकऱ्याने, म्हणजे भोक पाडायच्या अवजाराने, पाडलं असतं तसं गोल. मग ठोकणं थांबलं. आठ-दहा दिवस नुसती शांतता. एक आत शिरे, दुसरा बाहेर येई, की संपलं. द्वारकीला वाटलं, गेली बहुतेक टाकून. आणि शिमग्याच्या सुमारास एका दुपारी तिला खोडातून गुणगुण ऐकू आली, मोहोळ लागावं तशी. आईबाप मुंग्या घेऊन आले की ती वाढे, गेले की उतरे. द्वारकीने पोटावर हात ठेवला आणि ती खूप दिवसांनी हसली, असं सांगतात.

रवळूला त्याच दिवसांत झाड पाडायचं होतं. शिमगा झाला, पाडव्याला पंधरा दिवस उरले. पाडायचं, कापायचं, फळ्या काढायच्या, रंधायच्या, जोडायच्या. हिशोबाने एक दिवसही हाताशी नव्हता. त्याने कुऱ्हाडीला धार लावायला घेतली तशी द्वारकी पडवीतून उठून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या कामात ती कधी बोलली नव्हती. पण त्या दिवशी बोलली.

"आत पोरां बोलतत. पंधरा दिस थांबा. तेंका उडाक येवंदे, मगे पाडा."

"पंधरा दिसांनी दार कोणाक व्हया?" रवळू म्हणाला. "माका माझ्या पोराचा बघूक व्हया."

तो दुष्ट नव्हता. हे मी माझ्या घरातला म्हणून सांगत नाही. दोन मुलं स्वतःच्या हाताने मातीत ठेवलेला माणूस होता, त्याला तिसऱ्यापलीकडे काही दिसत नव्हतं. भीतीने माणूस जेवढा वाईट वागतो तेवढा रागाने वागत नाही.

आता इथली एक रीत तुम्हाला माहीत हवी. आम्ही झाड विचारल्याशिवाय पाडत नाही. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी कुऱ्हाड टेकवून ठेवायची, तांदूळ आणि नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने विनंती करायची. त्याला चार माणसं लागतात. एकाने विचारायचं, की या झाडावर जो कोणी राहत असेल त्याने उद्यापर्यंत दुसरी जागा धरावी. बाकी तिघांनी जरा थांबून, वर बघून, झाडाच्या वतीनं म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हणजे होय महाराज. त्या तिघांतल्या एकाला जरी काही वावगं दिसलं, तरी तो तोंड मिटून गप्प राहतो, आणि झाड त्या वर्षापुरतं वाचतं.

रवळू एकटाच गेला. खालच्या गावातून तीन माणसं आणणं काही अवघड नव्हतं. पण ती आली असती तर त्यांनी वर बघितलं असतं आणि ती गुणगुण त्यांनाही ऐकू आली असती. निदान एकजण गप्प राहिला असता, हे रवळूला पक्कं ठाऊक होतं. त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा फणसा म्हाराजा, तुझ्यार जो कोण ऱ्हवत असात तेना उद्या दिस उगवासर दुसरी जागा धरूची. माझ्या लेकराक दार व्हया. चुकला-माकला पदरात घे रे म्हाराजा."

झाडाखाली कोणी नव्हतं. वरच्या भोकातून मादीने डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. रवळूने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

सकाळी फणस पडला. शेंडा दगडावर आपटून वेगळा झाला, आणि भोकातून तीन पिल्लं बाहेर फेकली गेली. डोळे धड उघडले नव्हते, अंगावर पिसांचे नुसते काटे होते. दोन तिथेच गेली. तिसऱ्याजवळ रवळूने बोट नेलं तेव्हा त्याने चोच उघडली म्हणे, भरवायला कोणी आलं असं समजून. तेही थोड्या वेळाने गेलं. रवळूने तिघांना लाकडाच्या भुशाखाली झाकलं. द्वारकी पडवीत आली आणि तिने एवढंच विचारलं की आत कोण होतं. तो म्हणाला, कोणी नव्हतं, रिकामं होतं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

ती जोडी दोन दिवस पडलेल्या फांद्यांवरून फिरत राहिली, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली.

पाडव्याला दार बसलं. दोन फळ्यांचं, पिवळंधमक, अडणा आतून सारायचा. ओल्या लाकडाचं दार कोणी मेस्त्री करत नाही, लाकूड सुकायला हवं, पण वेळच नव्हता. रवळूने ते लावून पाहिलं. उजेडाची रेघ आत आली नाही. त्या रात्री तो म्हणे आठ महिन्यांनी गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओहोळावर करवत धुवायला गेला होता. द्वारकी आत एकटी होती. दार बंद होतं, कारण आता दार होतं. बाहेर उन्हाने सगळं पांढरं पडलं होतं, पानही हलत नव्हतं. आमच्याकडे रात्रीपेक्षा दुपारचे बारा जास्त वाईट मानतात. रात्री माणूस सावध तरी असतो. दारावर तीन ठोके पडले. टक, टक, टक. मग थांबले, आतून कोणी काही बोलतं का हे ऐकावं तसे.

द्वारकीला वाटलं, खालच्या गावातलं कोणीतरी आलं. तिने अडणा काढून दार उघडलं. अंगण मोकळं. वाट ओहोळापर्यंत दिसत होती, तिच्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. तिने दार लावलं. आणि हात अजून अडण्यावरच होता तोच पुन्हा, टक, टक, टक. तिच्या डोक्याच्या जरा वर, दाराच्या पलीकडून.

रवळू आला तेव्हा ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. त्याने सांगितलं की ओलं लाकूड सुकताना तडकतं, वाजतं, मेस्त्र्याच्या बायकोला हे माहीत नको? खरंच वाजतं. मी स्वतः हजारदा ऐकलंय. पण सुकणारं लाकूड तीनदा वाजून थांबत नाही.

रोज दुपारी ते ठोके आले. आणि रोज थोडे खाली. पहिल्या दिवशी डोक्याच्या वर होते, तिसऱ्या दिवशी खांद्याशी, पाचव्या दिवशी अडण्याशी. द्वारकी आता दार उघडत नव्हती. ती आतून बघत बसायची की आज कुठे वाजतंय. सातव्या दिवशी ते तिच्या पोटाच्या उंचीवर आले, आणि आतल्या मुलाने पाय मारला. तिने रवळूला घराबाहेर जाऊ दिलं नाही. मग तोही आत बसला, हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन, आणि त्यानेही ऐकलं. एकदा त्याने धीर करून ठोका पडतापडता दार उघडलं. बाहेर काही नव्हतं. पण दाराच्या बाहेरच्या अंगावर तांदळाएवढ्या खाचा पडल्या होत्या, तीन तीन जवळजवळ, वरपासून खाली एका ओळीत. त्याने त्यांवरून बोट फिरवलं. ही खाच कशाची, हे मेस्त्र्याला कोणी सांगावं लागत नाही.

तो सकाळ-दुपार अंगणात, कौलांवर, भोवतालच्या झाडांवर बघत राहिला. सोनेरी पाठीचा पक्षी त्याला एकदाही दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं, असं तो पुढे म्हाताऱ्या वयात सांगायचा. दिसला असता तर दगड मारला असता आणि भीती गेली असती.

ज्या दिवशी ठोके उंबऱ्याला लागले त्या दिवशी द्वारकी बाळंत झाली. मुलगा झाला. आणि ठोके थांबले, ते कायमचे.

मूल जिवंत होतं. अंग ऊन होतं, डोळे उघडे होते, दूध पीत होतं. पण ते रडलं नाही. सुईणीने पाठीवर थापट्या दिल्या, पाय धरून उलटं केलं, गार पाणी शिंपडलं. त्याने तोंड उघडलं, चेहरा लाल केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज नाही. सुईण दुपारी आली होती, संध्याकाळ व्हायच्या आत निघून गेली. दक्षिणासुद्धा मागितली नाही.

न रडणारं मूल घरात असणं काय असतं, याचा विचार करा. रडणाऱ्या मुलाचा त्रास होतो, पण ते आहे हे कळतं. द्वारकीला ते झोपलं की ते आहे की गेलं हे कळत नसे. ती घटकाघटकेला नाकाखाली बोट धरी. चुलीशी गेली की धावत परत येई. शेवटी तिने त्याच्या पायात घुंगरांचे वाळे बांधले, म्हणजे हललं तरी कळेल. वाळे वाजायचे थांबले की दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत आणि कोणी आधी उठायचं हे ठरत नसे.

पाचवा दिवस आला. आधीची दोन्ही याच दिवसाच्या आत गेली होती. रवळू पहाटेच खाली धावला आणि सोमा घाडीला घेऊन आला. सोमाने मूल पाहिलं, दार पाहिलं, दारावरच्या खाचा पाहिल्या. मग त्याने आणलेले तांदूळ परत कमरेला बांधले. गाऱ्हाणं घाल म्हणून रवळू विनवत होता. सोमाने त्याला एकच विचारलं.

"झाडाक इचारलंस तेवा व्हय कोण म्हणालो?"

रवळू म्हणाला, "मियांच." म्हणजे मीच.

"तेंच्या तोंडचा तू बोललंस," सोमा म्हणाला. "आता तुझ्या पोराचा तोंड तेंच्याकडे आसा. माझ्यान नाय होवचा. तेंका काय व्हया ता तेंकाच इचार." आणि तोही गेला. घाबरलेला घाडी त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

तेव्हा रवळूने बायकोला खरं सांगितलं. तीन होती, म्हणाला. एकाने माझ्या बोटापुढे चोच उघडली. द्वारकी रडली नाही आणि रागावलीही नाही. तिने मूल छातीशी धरलं आणि सांगितलं की आधी ते दार काढा.

रवळूने दार काढलं. फणसाचा जळका शेंडा अंगणाच्या कडेला सरपणासाठी टाकलेला होता, त्यातलं भोक अजून शाबूत होतं. त्याने आठ हातांवर खड्डा खणला, तो शेंडा ओढत आणला आणि उभा केला. दाराच्या फळ्या त्याला दोन बाजूंनी टेकू म्हणून लावल्या. खिळा एकही मारला नाही, काथ्याने बांधलं. एरवी हातोडा त्याच्या हाताला चिकटलेला असायचा, पण त्या दिवशी त्याला लाकडावर घाव घालायचं धैर्य झालं नाही. मग त्याने त्या खोडापुढे हात जोडले, विचारलं, आणि गप्प उभा राहिला. होय म्हणायला त्याने या वेळी तोंड उघडलं नाही. उत्तर आलं नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

पाचवा दिवस टळला, सहावा टळला, मूल जगलं. पण मुकंच राहिलं. पावसाळा आला आणि घराला दार नाही. झाप भिजून कुजला, तो बदलला. डोंगरात वाघरू फिरत होतं, त्याचे ठसे अंगणातल्या चिखलात सापडले. द्वारकी मुलाला भिंतीकडे ठेवून स्वतः उंबऱ्याकडे, उशाला कोयता घेऊन निजली. खालच्या गावच्या लोकांनी सांगितलं, दुसरं दार करून घे, वेड लागलंय का. रवळू म्हणाला, त्यांनी सांगितल्याशिवाय नाही. लोकांनी नाद सोडला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून हसलेही असतील. त्यांची मुलं रडत होती, त्यांना हसायला काय.

माघ आला. एका सकाळी अंगणात ठोके ऐकू आले. रवळू आत होता. द्वारकीने झापाच्या फटीतून पाहिलं. सोनेरी पाठ, लाल तुरा. जुन्या भोकाच्या हातभर खाली ते नवं कोरत होते. दोघं. तीच जोडी की दुसरी, कोण सांगणार? पण या घरात त्या पंधरा दिवसांत कोणी मोठ्याने बोललं नाही, कोणी सरपण फोडलं नाही, उखळात मुसळ घातलं नाही. मग ठोकणं थांबलं आणि शांतता पसरली. गेल्या वर्षी ही शांतता द्वारकीने पाहिली होती, तरी तिच्या जिवात जीव नव्हता. आणि फाल्गुनात खोड गुणगुणायला लागलं.

दहा-बारा दिवस गेले. मूल आता अकरा महिन्यांचं झालं होतं, बसत होतं. एका दुपारी द्वारकीने त्याला पडवीत चटईवर बसवलं आणि ती ओहोळावर पाण्याला गेली. रवळू घरामागे वेली तोडत होता. कळशी बुडवताना तिला रडणं ऐकू आलं. कोवळ्या मुलाचं, मोठ्याने, गळा फाडून. तिने मान वर केली आणि तिच्या मनात आलं, कोणाचं गं हे पोर रडतंय? खालच्या गावचं कोणी वाट चुकलं का? तिने कळशी भरलीसुद्धा. आपल्या मुलाचा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता, ती ओळखणार कशी? आणि मग तिच्या ध्यानात आलं की या डोंगरात दुसरं घरच नाही.

ती आली तेव्हा रवळूही समोरून धावत येत होता. मूल चटईवरून रांगत पडवीच्या कडेला आलं होतं आणि खोडाकडे तोंड करून रडत होतं. खोडावर भलीमोठी धामण चढत होती. तिचं तोंड नव्या भोकापासून हातभर राहिलं होतं, आतली गुणगुण बंद पडली होती, आणि ती जोडी भोवती किंचाळत घिरट्या घालत होती. रवळूने काठी शोधली नाही. त्याने दोन्ही हातांनी धामण धरली, खाली ओढली, ती त्याच्या दंडाला चावली, गळ्याशी वेढली, तरी त्याने तिला रानापर्यंत नेऊन सोडलं. मारली नाही. आता त्याला काहीच मारायचं नव्हतं.

तो परत आला तेव्हा मूल अजून रडत होतं. त्याने त्याला उचलायला हात पुढे केले. द्वारकीने त्याचा हात धरला.

"गप करू नका," ती म्हणाली. "रडांदे तेका."

दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली. मूल रडत राहिलं, हुंदके देत, मध्येच श्वास घेत, पुन्हा रडत, आणि ऊन उतरेपर्यंत कोणी त्याला थोपटलं नाही. सगळं ऐकायचं राहिलं होतं, अकरा महिन्यांचं. कधीतरी खोडातली गुणगुण परत सुरू झाली. रवळू तेव्हा पहिल्यांदा रडला. मुलापेक्षा मोठ्याने रडला, असं सांगतात.

आठवडाभराने पिल्लं उडाली. त्या घराला पुढे दार झालं, रानात आपणहून पडलेल्या ऐनाच्या झाडाचं. मुलाचं नाव घोषा ठेवलं होतं. आम्ही सगळी त्याचीच माणसं.

आजही वझरगाळूत झाड विचारायला चार माणसं जातात. एक गाऱ्हाणं घालतो. बाकीचे तिघं होय म्हणत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही गावात गाऱ्हाणं संपलं की व्हय म्हाराजा असा गजर होतो, तसा तो आमच्या देवळातही होतो, पण झाडापुढे नाही. इथे तिघं पुढे होतात, बुंध्याला कान लावतात आणि उभे राहतात. मी चाळीस वर्षं लावला. आतून गुणगुण आली तर उलट मन हलकं होतं. कुऱ्हाड उचलायची आणि घरी यायचं, प्रश्न मिटला. भीती वाटते ती काहीच ऐकू आलं नाही तर. कारण अंडी बोलत नाहीत. आत कोणी नाही म्हणून गप्प आहे, की आई पंख पसरून श्वास रोखून बसली आहे, हे बाहेरून कानाला कळत नाही. अशा वेळी शेजारी कान लावून उभा असलेला माणूस आणि मी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही. खाली बघतो, तांदूळ तसेच राहू देतो, आणि महिनाभराने पुन्हा विचारायला येतो.